एकोणिसाव्या शतकातल्या बेसबॉल कार्डांवरची चुकलेली नावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही कार्डं नेमकी कोणती?

अमेरिकेत १८८० च्या दशकात सिगारेटचं पाकीट मऊ कागदाचं असायचं. आतल्या सिगारेटी दबून मोडू नयेत म्हणून त्यात पुठ्ठ्याचा एक कडक तुकडा घालत. त्या कोऱ्या तुकड्यावर चित्र छापलं तर गिऱ्हाईक पुढचं पाकीटही आपल्याच ब्रँडचं घेईल, हे कंपन्यांनी लवकर ओळखलं. नट्या, पक्षी, झेंडे, मुष्टियोद्धे असे कितीतरी विषय आले आणि त्यांच्यासोबत बेसबॉलपटूही आले.

इथे मुख्यतः तीन संचांबद्दल बोलायचं आहे. पहिला न्यूयॉर्कच्या गुडविन कंपनीचा 'ओल्ड जज', १८८६ ते १८९० या काळातला. दुसरा व्हर्जिनियातल्या रिचमंडच्या ॲलन अँड गिंटरचा १८८७ चा रंगीत संच. तिसरा रिचमंडच्याच मेयो कंपनीचा, १८९५ चा 'मेयोज कट प्लग'. चुकलेल्या नावांचा खरा खजिना ओल्ड जजमध्ये आहे, कारण तो आकारानेच अवाढव्य आहे. त्यात ५०० हून जास्त खेळाडू आहेत आणि त्यांच्या वेगवेगळ्या पोझ व मजकूर धरले तर ३,५०० च्या वर प्रकार आजवर नोंदले गेले आहेत.

नावं इतकी चुकायची कशी?

लोक सहसा म्हणतात, 'त्या काळी काळजीच घेत नसत.' मला हे उत्तर अपुरं वाटतं. कार्ड कसं बनत होतं ते पाहिलं की चूक कुठे शिरली ते दिसतं.

ओल्ड जजचं कार्ड म्हणजे छापील चित्र नव्हे. तो खराखुरा फोटो आहे, अल्ब्युमेन म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदावर काढून पुठ्ठ्यावर चिकटवलेला. खेळाडू स्टुडिओत यायचे. मागे रंगवलेला पडदा असायचा आणि 'झेल' दाखवण्यासाठी चेंडू दोऱ्याने टांगलेला असायचा. काही कार्डांवर तो दोरा आजही स्पष्ट दिसतो. मग अनेक खेळाडूंचे फोटो एकत्र मांडून, त्यावर नाव, जागा आणि संघ यांचा मजकूर घालून पुन्हा फोटो काढायचे, आणि त्या निगेटिव्हवरून ताव काढून कापायचे. खेळाडूचं नाव ज्याने ऐकलं, ज्याने यादीत लिहिलं आणि ज्याने मजकूर जुळवला, ती माणसं बहुधा वेगवेगळी होती. शेवटच्या माणसाने तो खेळाडू कधी पाहिलेलाही नसेल.

त्यात खेळाडू सतत संघ बदलत. मोसम बदलला की जुनाच फोटो नव्या संघाच्या नावाने पुन्हा वापरला जाई. म्हणजे तोच मजकूर परत जुळवायचा आणि चुकायला आणखी एक संधी. गुडविनचा 'जिप्सी क्वीन' हा दुसरा ब्रँड होता, त्याच्या कार्डांवरही याच साठ्यातले फोटो दिसतात.

नावांचा स्वतःचाही भाग आहेच. तेव्हाच्या संघांत आयरिश आणि जर्मन कुटुंबांतली मुलं मोठ्या संख्येने होती. पहिली पिढी आडनाव कानाने ओळखायची, कागदावर ते कसं उतरावं याबद्दल घरातही एकमत नसायचं. वर्तमानपत्रं सामन्यांच्या बातम्या तारेने मागवत आणि तारयंत्रावरून नाव जाताना एखादं अक्षर इकडचं तिकडे व्हायला वेळ लागत नसे. धावफलकाच्या अरुंद स्तंभात लांब आडनाव मावेना की मधली अक्षरं गाळून तिथे अपॉस्ट्रॉफी टाकत. अशा कात्रणावरून नाव उतरवणाऱ्याने मधली अक्षरं अंदाजाने भरली, तर दोष कोणाला द्यायचा?

मग ॲलन अँड गिंटरच्या कार्डांवर नावं इतकी नीटनेटकी का?

कारण त्या संचात एकूण ५० 'विश्वविजेते' होते आणि बेसबॉलपटू फक्त १०. ॲन्सन, क्लार्कसन, कोमिस्की, कीफ, केली, वॉर्ड ही त्यातली काही नावं, सगळीच गाजलेली. दगडावरच्या रंगीत छपाईसाठी चित्रकार सावकाश काम करत असे. दहा प्रसिद्ध नावं तपासायला कितीसा वेळ लागतो! गुडविनने मात्र लहान लीगमधल्या, गावाबाहेर कोणी न ऐकलेल्या खेळाडूंनाही कार्ड दिलं. त्यांच्या यादीत चुका जास्त आहेत आणि तरीही मला तीच यादी जास्त प्रिय आहे. त्यातल्या कित्येकांचा दुसरा फोटोच मिळत नाही.

ठळक उदाहरणं सांगाल?

ज्यांबद्दल शंका नाही अशी दोन सांगतो, दोन्ही मेयोच्या १८९५ च्या संचातली.

एमस रूसी हा न्यूयॉर्क जायंट्सचा पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा, मूळचा इंडियानाचा. त्याचा चेंडू इतका वेगात यायचा की १८९३ मध्ये पिचर आणि फलंदाज यांच्यातलं अंतर वाढवून ६० फूट ६ इंच करण्यामागे त्याचं नाव हमखास घेतलं जातं. आजही तेच अंतर आहे. त्याचं आडनाव आर-यू-एस-आय-ई, एकाच एसचं. मेयोच्या कार्डावर ते दोन एस घालून छापलं गेलं, आणि नंतर कोणाच्या तरी लक्षात येऊन एका एसचं कार्डही निघालं. म्हणजे चुकलेलं आणि सुधारलेलं, दोन्ही कार्डं अस्तित्वात आहेत. एकोणिसाव्या शतकातल्या कार्डांत हे दुर्मीळच, कारण सहसा कोणी दुरुस्तीची तसदी घेत नसे.

दुसरा एड डेलाहँटी, फिलाडेल्फियाचा. तीन मोसमांत ०.४०० च्या वर सरासरी, म्हणजे दहापैकी चाराहून जास्त वेळा यशस्वी फटका, असलेला फलंदाज. एका घरातले पाच भाऊ सर्वोच्च पातळीवर बेसबॉल खेळले, त्यातला हा सगळ्यात थोर. १९०३ च्या जुलैत नायगारा धबधब्यापाशी त्याचा मृत्यू झाला. रात्री त्याला रेल्वेतून उतरवलं होतं आणि तो पुलावरून चालत निघाला होता. त्याच्या आडनावात एल नंतर ए आहे. मेयोच्या कार्डावर तिथे ई छापला आहे, आणि हे कार्ड कधीच सुधारलं गेलं नाही. त्या काळच्या वर्तमानपत्रांतही ई सर्रास दिसतो, त्यामुळे छापणाऱ्याला आपण चुकलो असं वाटलंही नसेल.

वेगळं स्पेलिंग दिसलं म्हणजे ती चूकच समजायची का?

नाही. घाई करणाऱ्या नव्या संग्राहकांची इथेच गल्लत होते.

काही खेळाडूंनी नाव स्वतःच बदललं होतं. कॉनी मॅकचं कागदोपत्री नाव कॉर्नेलियस मॅकगिलिकडी. ओल्ड जजच्या कार्डावर तो 'मॅक' आहे आणि ते बरोबरच आहे, कारण मैदानावर त्याला त्याच नावाने ओळखत. हाच माणूस पुढे १९०१ पासून १९५० पर्यंत फिलाडेल्फिया ॲथलेटिक्सचा व्यवस्थापक होता. सेंट लुईसचा पिचर सिल्व्हर किंग जन्माने कोएनिग, जर्मन घरातला. ३०७ सामने जिंकलेला मिकी वेल्च जन्माने वॉल्श. या तिघांची कार्डं 'चुकीची' म्हणून विकायला काढलेली दिसली तर विकणाऱ्याला खेळाडूची ओळख नाही इतकंच समजा.

घरच्यांना बेसबॉल पसंत नाही म्हणून खोट्या नावाने खेळणारेही तेव्हा होते. त्यांच्या कार्डावरचं नाव जन्मनोंदीशी जुळणार नाही, पण छापणाऱ्याने त्याच्या परीने बरोबरच छापलं.

मग आद्याक्षरांचे संक्षेप. विल्यमसाठी डब्ल्यू-एम, चार्ल्ससाठी सी-एच-ए-एस, जेम्ससाठी जे-ए-एस, ही तेव्हाची रोजची लिहिण्याची पद्धत. एखादा 'जास' नावाचा खेळाडू शोधत बसू नका, तो जेम्स आहे.

अक्षर पुसट आहे किंवा अर्धं कापलंय. याला काय म्हणायचं?

हे कार्डाचं नुकसान आहे, नावाची चूक नाही. अल्ब्युमेन फोटो काळाबरोबर पिवळा आणि फिका पडतो, काही ओल्ड जज कार्डं गुलाबी झालेली दिसतात. बारीक अक्षरांतल्या आडव्या रेघा आधी जातात, म्हणून ई हा सी वाटतो आणि एच हा एन. ताव कापताना कात्री आत आली तर नावाचं शेवटचं अक्षरच गायब होतं. खात्री करायची असेल तर त्याच पोझचं दुसरं कार्ड शोधून शेजारी ठेवा. तिथे अक्षर पूर्ण असेल तर प्रश्न मिटला.

बरोबर स्पेलिंग कोणतं हे ठरवायचं कसं?

या प्रश्नावर सगळ्यात जास्त वेळ जातो आणि जायलाच हवा.

माझ्या मते पहिला मान खेळाडूच्या स्वतःच्या सहीला. करार, पत्र, लग्नाची नोंद, जिथे त्याने स्वतः लेखणी धरली तो कागद सगळ्यात वजनदार. त्यानंतर कुटुंबाने लावलेला थडग्यावरचा दगड, जन्म किंवा बाप्तिस्म्याची नोंद, मृत्यूचा दाखला. त्यानंतर शहरांच्या वार्षिक निर्देशिका, ज्यांत घरोघरच्या लोकांची नावं आणि धंदे असत. जनगणना उपयोगी आहे, पण गणना करणारा दारात उभं राहून ऐकेल तसं लिहायचा. वर्तमानपत्र सगळ्यात शेवटी.

नेमकी आपल्याला हवी असलेली जनगणना मात्र हाती नाही. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेचे बहुतेक कागद १९२१ मध्ये वॉशिंग्टनमधल्या आगीत आणि पाण्यात जळाले किंवा खराब झाले, आणि उरलेलेही पुढे नष्ट केले गेले. ओल्ड जजवरचे खेळाडू तेव्हा ऐन विशीत-तिशीत होते. १८८० मध्ये मूल म्हणून आई-वडिलांच्या घरी सापडतात आणि एकदम १९०० मध्ये पोक्त माणूस म्हणून दिसतात. मधल्या वीस वर्षांसाठी निर्देशिका चाळाव्या लागतात. काही खेळाडूंचं पहिलं नावही कित्येक दशकं ठाऊक नव्हतं, फक्त आडनाव आणि संघ. कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेमचे, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांचा गौरव करणाऱ्या संग्रहालयाचे, इतिहासकार ली ॲलन यांनी अशा विस्मृतीत गेलेल्यांचे जन्म-मृत्यू शोधण्यात आयुष्य घातलं. त्यांच्यानंतर १९७१ मध्ये कूपर्सटाउनलाच स्थापन झालेल्या बेसबॉल संशोधन संस्थेच्या, म्हणजे 'सेबर'च्या सभासदांनी ते काम पुढे नेलं. गावोगावच्या दफनभूमीत फिरून, नातवंडांना पत्रं लिहून त्यांनी एकेक नाव जुळवलं. आपण आज दोन मिनिटांत खेळाडूचं पूर्ण नाव बघतो ते या लोकांच्या कष्टामुळे.

आणि मोठ्या संस्थाही चुकतात. चार्ल्स रॅडबर्न हा 'ओल्ड हॉस' म्हणून ओळखला जाणारा पिचर. १८८४ च्या एकाच मोसमातले त्याचे विजय ५९ की ६० यावर अजून वाद आहे, आणि दोन्ही आकडे आज अशक्य वाटतात. १८८७ च्या ओल्ड जज कार्डावर त्याने कॅमेऱ्याकडे मधलं बोट दाखवलं आहे, त्यामुळे फारसं बेसबॉल न पाहणाऱ्यांनाही तो माहीत असतो. १९३९ मध्ये त्याची हॉल ऑफ फेममध्ये निवड झाली, आणि तिथल्या धातूच्या फलकावर त्याच्या आडनावाच्या शेवटी एक ई जास्तीचा आहे. आजच्या नोंदवह्यांत तो ई नाही. सिगारेटच्या पाकिटातल्या पुठ्ठ्याला नावं ठेवण्याआधी हा फलक आठवावा.

चुकलेल्या नावामुळे कार्डाची किंमत वाढते का?

बहुतेक वेळा नाही. नियम सोपा आहे. चूक कधीच सुधारली गेली नसेल तर ते कार्ड मिळतं तेवढं चुकलेलंच मिळतं, मग त्यात दुर्मीळ काय? डेलाहँटीच्या मेयो कार्डाला किंमत आहे ती डेलाहँटीमुळे आणि संचाच्या वयामुळे. ई मुळे नाही.

चूक लवकर सुधारली आणि चुकलेली थोडीच बाहेर पडली, तर मात्र चित्र बदलतं. याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण थोडं पुढच्या काळातलं आहे, १९०९ ते १९११ च्या टी-२०६ या तंबाखूच्या कार्डांच्या संचातलं. फिलाडेल्फियाच्या शेरी मॅगीचं आडनाव एम-ए-जी-ई-ई. सुरुवातीला ते एम-ए-जी-आय-ई असं छापलं गेलं. चूक लगेच सुधारली, त्यामुळे चुकलेली कार्डं मोजकीच राहिली आणि त्यांची किंमत सुधारलेल्या कार्डाच्या कितीतरी पट आहे. जुन्या एरर, म्हणजे चुकीच्या छपाईच्या, कार्डांना सोन्याचा भाव असतो हा समज या एका कार्डाने पसरवला. ओल्ड जजच्या प्रत्येक चुकलेल्या अक्षराला तो लावू नका.

ओल्ड जजमध्ये किंमत ठरते ती खेळाडू कोण, पोझ किती दुर्मीळ, संघ कोणता आणि फोटो किती स्पष्ट उरलाय यावर. फिका पडलेला थोर खेळाडू आणि लखलखीत सामान्य खेळाडू यांत निवडायचं झालं तर मी दुसरा घेईन, पण हा माझा कल.

फक्त आडनाव छापलंय आणि त्याच आडनावाचे दोन खेळाडू आहेत. ओळखायचं कसं?

हे स्पेलिंगच्या चुकीपेक्षा अवघड. ओल्ड जजवर बहुधा आडनाव, मैदानातली जागा आणि संघ एवढंच असतं. जॉन क्लार्कसन पिचर होता आणि त्याचे दोन भाऊही पिचर. डेलाहँटी पाच. आधी संघ आणि वर्ष जुळवा, मग जागा, मग चेहरा. चेहऱ्यासाठी त्या वर्षीचा संघाचा सामूहिक फोटो मिळाला तर काम होतं. मिशीवर मात्र विसंबू नका, तेव्हा जवळपास सगळ्यांनाच मिशी होती.

अशा गोंधळात छापणारेही फसत. टी-२०६ मध्ये न्यूयॉर्कच्या जो डॉयलच्या कार्डावर सुरुवातीला नॅशनल लीग छापलं गेलं. तो दुसऱ्या मोठ्या लीगमध्ये, म्हणजे अमेरिकन लीगमध्ये, होता. नॅशनल लीगमधल्या न्यूयॉर्क संघात लॅरी डॉयल होता. एक शहर, एक आडनाव, दोन संघ. ते कार्डही आज अत्यंत दुर्मीळ आहे.

एन-१७२, एन-२८ हे आकडे काय आहेत?

न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजमध्ये जेफरसन बर्डिक नावाचे गृहस्थ होते. कारखान्यात नोकरी, संधिवाताने आखडलेली बोटं आणि कार्डांचं विलक्षण वेड. त्यांनी सगळ्या अमेरिकन कार्डांना क्रमांक देणारा कॅटलॉग तयार केला. एन म्हणजे एकोणिसाव्या शतकातली तंबाखूची कार्डं, टी म्हणजे विसाव्या शतकातली. ओल्ड जज एन-१७२, ॲलन अँड गिंटर एन-२८, मेयो एन-३००. त्यांनी आपला तीन लाखांहून जास्त कार्डं आणि छापील कागदांचा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिला आणि तो वह्यांत स्वतः चिकटवून पूर्ण केला. १९६३ मध्ये ते काम संपलं आणि त्याच वर्षी ते गेले. नावाबद्दल वाद झाला तरी क्रमांकामुळे आपण एकाच संचाबद्दल बोलतोय हे नक्की होतं.

माझ्या संग्रहात नोंद कशी करू?

दोन रकाने ठेवा. पहिल्यात कार्डावर आहे तसंच, अक्षर न अक्षर. दुसऱ्यात खेळाडूचं आज मान्य असलेलं पूर्ण नाव. पहिला रकाना कधीही 'सुधारू' नका. दोन वेगळी स्पेलिंगं असलेली कार्डं एकाच नावाखाली घातली की फरक कायमचा हरवतो, आणि कोणतं कार्ड आधी निघालं हे शोधणाऱ्याला तोच फरक हवा असतो. ग्रेडिंग, म्हणजे कार्ड तपासून त्याचा दर्जा ठरवणाऱ्या, कंपन्यांच्या प्लॅस्टिकच्या डबीवरचं लेबल बघून नाव उतरवू नका, बऱ्याचदा तिथे सुधारलेलं नाव असतं. कार्डावरूनच वाचा, भिंग घ्या.

आणि कार्डावर पेनाने दुरुस्ती करू नका. पेन्सिलनेही नाही. एखाद्या जुन्या मालकाने केलेली असेल तर खोडूही नका, तीही नोंद करा.

चुकीचं नाव असेल तर कार्ड बनावट असू शकतं का?

नावावरून ते ठरत नाही, कागदावरून ठरतं. दहापट भिंगाखाली खरा अल्ब्युमेन फोटो सलग दिसतो, त्यात ठिपके नसतात. रांगेत मांडल्यासारखे एकसारखे ठिपके दिसले तर ती नंतरची छापील नक्कल आहे. एन-२८ सारख्या दगडावरच्या छपाईत ठिपके असतात, पण हाताने दिलेले, वेडेवाकडे. नकला करणारे खऱ्या कार्डाचीच प्रतिमा वापरतात, म्हणून मूळ चूक नकलेतही हुबेहूब येते. 'बघा, दुर्मीळ चूक आहे म्हणजे खरंच असणार' असं कोणी म्हणालं तर व्यवहार तिथेच थांबवा.

कंपन्यांनी पुढे चुका सुधारल्या का नाहीत?

सुधारायला स्पर्धाच उरली नाही. १८९० मध्ये जेम्स ड्यूक यांनी आपली कंपनी, ॲलन अँड गिंटर, गुडविन, किनी आणि किंबॉल या पाच बड्या कंपन्या एकत्र करून अमेरिकन टोबॅको कंपनी उभी केली. पाकिटात कार्ड घालून गिऱ्हाईक ओढायची गरज संपली आणि ओल्ड जजचं काम थांबलं. १८९५ चा मेयोचा संच हा त्या मोठ्या शांततेतला अपवाद. नव्या शतकात १९०९ च्या सुमारास तंबाखूची कार्डं पुन्हा जोरात आली, तोवर १८८७ चे बरेच खेळाडू निवृत्त झाले होते आणि काही हयातही नव्हते.

एकही कार्ड विकत न घेता हे सगळं बघता येईल का?

येईल, भारतात बसूनही. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये बेंजामिन एडवर्ड्स यांचा संग्रह आहे, १८८७ ते १९१४ मधली सुमारे २,१०० कार्डं. एडवर्ड्स यांनी तो कवी कार्ल सँडबर्ग यांना दिला आणि सँडबर्ग यांनी १९५४ मध्ये लायब्ररीला. सगळी कार्डं संकेतस्थळावर मोठ्या आकारात, विनामूल्य आहेत. शोधताना एकाच स्पेलिंगवर अडून राहू नका. ए च्या जागी ई घालून बघा, एक एस वाढवून बघा, शेवटचा ई काढून बघा. काहीच सापडलं नाही तर खेळाडू सोडा आणि संघाच्या नावाने शोधून एकेक चेहरा पाहत जा.